सप्तपदी आणि १८० दिवस

आमच्या गोव्यात सोयरीक जुळवताना काय काय पाहतात याची यादी करायला बसलो तर वहीची दोन पाने सहज भरतील. गोत्र पाहतात, पत्रिका पाहतात, मंगळ पाहतात, कुलदेव कोणता ते विचारतात, घरातल्या वाटण्या झाल्या की नाहीत याचीही आडून चौकशी करतात. मुलगा अमेरिकेत असला तर पगार किती, ग्रीन कार्ड आहे की नागरिकत्व, हेही हल्ली बिनदिक्कत विचारले जाते. पण मुलगी किंवा मुलगा यापूर्वी कधी अमेरिकेला जाऊन आला होता का, आणि गेला असल्यास दिलेल्या मुदतीत परत आला का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. कोणी विचारलाच तर समोरच्याला राग येतो. "आमची मुलगी काय पळून जाऊन राहिली होती काय?" असा सूर लागतो आणि विषय चहाच्या कपाबरोबर बाजूला सारला जातो.

गंमत अशी की नेमका हाच प्रश्न लग्नानंतर मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत, काचेपलीकडे बसलेला अधिकारी विचारतो. आणि तिथे राग धरून चालत नाही.

"नवरा सिटिझन आहे नव्हे, मग कसली काळजी?" हे वाक्य मी किती लग्नांच्या पंगतीत ऐकले असेल! लग्न म्हणजे जणू गंगास्नान, एकदा झाले की मागचे सगळे धुऊन निघाले, असा आमचा समज. हा समज निम्मा खरा आणि निम्मा खोटा आहे, आणि असे निम्मे खरे समजच माणसाला जास्त बुडवतात.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. मुदत ओलांडून राहणे ही गोष्ट आम्ही चारित्र्याच्या खात्यात टाकतो, म्हणून ती लपवतो. अमेरिकेचा कायदा ती हिशेबाच्या खात्यात टाकतो. तो दिवस मोजतो. पण हिशेबाची ही गोष्ट तुम्ही लपवलीत की ती खरोखरच चारित्र्याच्या खात्यात जाते, आणि तिथून तिला बाहेर काढणे महाकठीण. म्हणून हा हिशेब लग्नाआधी मांडावा, उघडपणे मांडावा.

आधी हिशेब समजून घेऊ.

पहिला घोळ व्हिसा आणि मुदत यांचा. प्रवासी म्हणून जाणाऱ्याला मिळणारा बी-२ व्हिसा आमच्याकडे सहसा दहा वर्षांचा असतो. पासपोर्टवर ती तारीख पाहिली की वाटते, दहा वर्षे आपल्याला मोकळे रान. प्रत्यक्षात व्हिसा म्हणजे फक्त दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. प्रवाशाला बहुधा सहा महिने मिळतात. पूर्वी हे आय-९४ म्हणजे पासपोर्टला टाचलेले पांढरे कार्ड असायचे, परत निघताना ते विमान कंपनीला द्यायचे. विमानाने येणाऱ्यांसाठी २०१३ पासून ते कार्ड गेले आणि नोंद संगणकात गेली. कार्ड दिसत नाही म्हणून आमची माणसे तारीखही विसरतात. अमेरिकेतून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही, म्हणून "कोणाला कळणार?" असेही वाटते. पण विमान कंपनी प्रवाशांची यादी देते, आणि त्यावरून येण्याजाण्याची नोंद होते. स्वतःची ही नोंद अमेरिकेच्या सीमा खात्याच्या संकेतस्थळावर ज्याची त्याला पाहताही येते. म्हणजे लपवायचे ते कोणापासून, हाच प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट दिवसांची. ३० सप्टेंबर १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने अमेरिकेत 'बेकायदा वास्तव्य' ही मोजायची गोष्ट झाली. मोजणी १ एप्रिल १९९७ पासून सुरू झाली. नियम असा: आय-९४ ची मुदत संपल्यावर १८० दिवसांपर्यंत राहून परत आलात तर या कलमाखाली बंदी नाही. १८० पेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी राहून स्वतःहून निघालात तर तीन वर्षे परत जाता येत नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त राहून निघालात तर दहा वर्षे. वयाची अठरा पूर्ण होण्याआधीचे दिवस धरत नाहीत. मुदत संपण्याआधी मुदतवाढीचा रीतसर अर्ज केला असेल आणि मधल्या काळात बेकायदा नोकरी केली नसेल, तर अर्ज पडून असेपर्यंतचे दिवसही सहसा धरत नाहीत. मार्च २०२० मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमाने बंद केली तेव्हा मुलांकडे गेलेले कितीतरी लोक तिकडे अडकले. ज्यांनी वेळेत असा अर्ज केला ते या मोजणीतून वाचले. ज्यांनी "आता सगळ्या जगाचेच अडले आहे, आपल्याला कोण विचारतो" म्हणून हात जोडून बसणे पसंत केले, त्यांचे दिवस वाढत गेले.

उदाहरण घेऊ. समजा, फोंड्याची एक मुलगी १० जानेवारी २०१८ रोजी बहिणीकडे न्यू जर्सीला गेली. आय-९४ वर ९ जुलै २०१८ ही तारीख. बहिणीचे बाळंतपण, मग बाळाचे आजारपण, मग "आता आलीच आहेस तर राहा गो आणखी थोडी" असे करत करत ती २० सप्टेंबर २०१९ ला परत आली. मुदतीनंतरचे वास्तव्य एक वर्ष आणि वर अडीच महिने. म्हणजे सप्टेंबर २०२९ पर्यंत बंदी. हीच मुलगी ५ जानेवारी २०१९ पर्यंत निघाली असती तर १८० दिवसांच्या आत बसली असती आणि या कलमाचा तिला काहीही त्रास झाला नसता. जुना प्रवासी व्हिसा तेवढा रद्द झाला असता, कारण मुदत एका दिवसाने ओलांडली तरी तो रद्दच होतो. पण लग्नाच्या व्हिसाला ती आडकाठी नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण दोनतीन महिने जास्त राहून आलेली माणसे उगाचच आयुष्यभर घाबरून असतात, आणि त्या भीतीपोटी खोटे बोलून बसतात.

आता या मुलीचे २०२४ मध्ये अमेरिकन नागरिक असलेल्या मुलाशी लग्न झाले असे धरू. नवरा आय-१३० हा अर्ज भरतो. तो मंजूरही होतो, कारण त्या अर्जात लग्न खरे आहे की नाही एवढेच पाहतात. कागद नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातात, फी भरली जाते, नवऱ्याच्या उत्पन्नाचे हमीपत्र जोडले जाते. घरात आनंदीआनंद. गोव्याचे अर्ज मुंबईच्या वकिलातीकडे येतात, तशी मुलाखतीची तारीख येते. वैद्यकीय तपासणी होते, बॅगाही भरल्या जातात. आणि मुलाखतीत कळते की दहा वर्षांची बंदी लागू आहे. लग्न खरे, नवरा खरा, कागद खरे, तरी व्हिसा नाही. मंजूर झालेला आय-१३० म्हणजे व्हिसा नव्हे, हे तेव्हा कळून काय उपयोग?

आता जी गोष्ट मला स्वतःला सगळ्यात जास्त खटकते ती सांगतो. ही बंदी राहण्यामुळे लागू होत नाही, ती निघण्यामुळे लागू होते. व्हिसा घेऊन, तपासणी होऊन रीतसर आत शिरलेली व्यक्ती मुदत ओलांडून तिथेच राहिली आणि तिने अमेरिकन नागरिकाशी लग्न केले, तर तिला देशाबाहेर न जाता तिथल्या तिथे ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. नागरिकाच्या जोडीदाराला मुदत ओलांडल्याचा दोष त्या अर्जात अडवत नाही. म्हणजे आमची फोंड्याची मुलगी १४ महिने जास्त राहून घरी आली, आईवडिलांना भेटली, गोव्यात लग्न केले, तर तिला दहा वर्षे. तिच्याच शेजारची कोणी पाच वर्षे जास्त राहिली, घरी आलीच नाही, तिकडेच लग्न केले, तर तिला ही बंदी नाही. जी घरी परतली ती अडकली आणि जी परतली नाही ती सुटली! १९९६ च्या कायद्याचा हेतू लोकांनी वेळेत निघावे हा होता. मुदत एकदा फार ओलांडली की मात्र हाच कायदा माणसाला सांगतो, आता निघू नकोस.

यावर कोणी म्हणेल, मग तिकडे राहूनच लग्न करावे, झाले! तसे मुळीच नाही. एक तर प्रवासी व्हिसा मागतानाच मनात लग्न करून राहण्याचा बेत असला, तर ती वकिलातीशी केलेली फसवणूक ठरू शकते. दुसरे म्हणजे अर्ज पडून असताना अटकेपासून संरक्षण मिळत नाही. २०२५ च्या अखेरीस सॅन दिएगोमध्ये ग्रीन कार्डच्या मुलाखतीलाच आलेल्या, मुदत ओलांडलेल्या नवऱ्याबायकांना पकडल्याच्या बातम्या आल्या. तिसरे म्हणजे ही सवलत नागरिकाच्या जोडीदाराला आहे. नवऱ्याकडे नुसते ग्रीन कार्ड असेल तर मुदत ओलांडलेल्या बायकोला ती सहसा मिळत नाही. 'सिटिझन' आणि 'ग्रीन कार्डवाला' हे आमच्या पंगतीत एकाच तागडीत तोलतात, पण कायद्यात त्यांच्यात महाअंतर आहे.

आणि आम्हा गोवेकरांच्या बाबतीत आणखी दोन गाठी आहेत, त्या इतर ठिकाणच्या मराठी माणसाला सहसा ठाऊक नसतात.

पहिली गाठ तारवटींची. बोटीवर जाणे ही गोव्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट. क्रूझवर नोकरीला जाणाऱ्या मुलांच्या पासपोर्टवर सी-१/डी व्हिसा असतो, आणि अमेरिकेच्या बंदरात उतरल्यावर जास्तीत जास्त २९ दिवसांची परवानगी मिळते. मायामीला किंवा फोर्ट लॉडरडेलला उतरून जो बोटीवर परतलाच नाही, त्याने पुढे अमेरिकन मुलीशी कितीही खरे लग्न केले तरी त्याला तिथल्या तिथे ग्रीन कार्ड मिळत नाही. खलाशी म्हणून आलेल्याला कायद्याने ती वाट बंद केली आहे. त्याला मुंबईला येऊनच व्हिसा घ्यावा लागतो, आणि मुंबईला यायला निघाला की दहा वर्षांची बंदी लागते. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. पर्यटक म्हणून आलेल्याला एक न्याय आणि भांडी घासायला, केबिन झाडायला आलेल्याला दुसरा. यामागे कोणते शहाणपण आहे ते मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

दुसरी गाठ पोर्तुगीज पासपोर्टची. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या मुलानातवंडांच्या जन्मनोंदी लिस्बनला करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेली घरे आता प्रत्येक तालुक्यात सापडतील. पोर्तुगाल १९९९ पासून अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेत आहे. त्यामुळे या पासपोर्टवर, संगणकावर परवानगी घेऊन, व्हिसाशिवाय ९० दिवस जाता येते. पण ही सवलत घेताना माणूस एक हक्क सोडून देतो. त्याला परत पाठवायचे ठरले तर, आश्रयाची मागणी सोडल्यास, न्यायाधीशापुढे उभे राहून दाद मागण्याचा हक्क राहत नाही. एक दिवस जरी जास्त राहिला तरी ही योजना त्याला पुन्हा वापरता येत नाही. १८० दिवसांचा आणि वर्षाचा हिशेब त्यालाही चुकत नाही. लाल पासपोर्ट हातात आला की आमच्या मुलांना वाटते, आता आपल्याला कोण अडवणार. मोजणारा पासपोर्टचा रंग पाहत नाही, दिवस पाहतो.

बंदी लागलीच तर उपाय नाही असे नाही. माफीचा अर्ज असतो, त्याला आय-६०१ म्हणतात. अमेरिकेत बसून आधीच मागायची माफी म्हणजे आय-६०१ए. ती मार्च २०१३ मध्ये नागरिकांच्या जवळच्या नातलगांसाठी सुरू झाली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये आणखी लोकांना खुली झाली. १ एप्रिल २०२४ च्या दरपत्रकात पहिल्याची फी १,०५० डॉलर आणि दुसऱ्याची ७९५ डॉलर ठरली, वकिलाचे पैसे वेगळे. या अर्जात काय सिद्ध करायचे असते? तुम्हाला किती त्रास होईल हे नव्हे. तुमचा जो नवरा, बायको, आई किंवा वडील अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहेत, त्यांना पराकोटीचा त्रास होईल हे सिद्ध करायचे. नुसता विरह चालत नाही. "तिच्याशिवाय मला करमत नाही" हे कितीही खरे असले तरी कायद्याच्या भाषेत तो नेहमीचा त्रास. नवऱ्याचे आजारपण, त्याने सांभाळायचे म्हातारे आईवडील, त्याचे कर्ज, तो भारतात येऊन राहिला तर त्याच्या उपचारांचे आणि धंद्याचे काय होईल, असे सगळे कागदांनिशी मांडावे लागते. आणि मुले? मुलांचा त्रास थेट धरतच नाहीत. आईविना राहिलेल्या चार वर्षांच्या पोराचे हाल तेवढ्यापुरतेच मोजायचे, जेवढे त्यामुळे बापाचे हाल होतात. कायदा लिहिणाऱ्याला घरात लहान मूल नसावे असे वाटते.

बंदी तीन वर्षांची असेल तर काही वेळा थांबणेच शहाणपणाचे ठरते. नुसता आय-१३० आणि मुलाखत यातच वर्ष दीड वर्ष सहज जाते, तोवर बंदी संपतही आलेली असते. तीन किंवा दहा वर्षे बाहेर काढली की या कलमापुरते माफीचे काम उरत नाही. पण हा हिशेब करायला आपल्या तारखा अचूक ठाऊक असाव्या लागतात. "अंदाजे पावसाळ्याच्या आधी आलो" असे सांगून हा हिशेब जमत नाही. आणि एक ताकीद. एकूण वर्षाहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलेला माणूस पुन्हा सीमेवरून चोरून आत शिरला किंवा तसा प्रयत्न केला, तर मग लागते ती कायमची बंदी. दहा वर्षे बाहेर काढल्याशिवाय परवानगीही मागता येत नाही. 'डंकी'च्या वाटेने नेऊन सोडतो म्हणणारे एजंट हे सांगत नाहीत.

माफी मिळाली म्हणजे तरी जिंकलो का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २१ जून २०२४ चा मुन्योस खटल्याचा निकाल याचे उत्तर देतो. सँड्रा मुन्योस या अमेरिकन नागरिक, नवरा एल साल्वादोरचा, लग्न २०१० चे. नवरा अमेरिकेत बेकायदा राहत होता, त्याला माफी मंजूर झाली. त्या भरवशावर तो व्हिसासाठी मायदेशी गेला, आणि तिथल्या वकिलातीने भलत्याच कारणाने, गुन्हेगारी टोळीशी संबंध असल्याच्या संशयावरून, व्हिसा नाकारला. त्याने आरोप फेटाळला. बायको सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले की परदेशी जोडीदाराला देशात आणता यावे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. "नवरा सिटिझन आहे नव्हे?" या आमच्या पंगतीतल्या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर कोणते हवे?

कोणी म्हणेल, नियम मोडला तर शिक्षा भोगायला नको का? जरूर भोगावी. कोणत्याही देशाला आपले दार कोणासाठी किती वेळ उघडायचे हे ठरवण्याचा अधिकार आहे. आमच्याकडे हरमलला, पालोळेला मुदत ओलांडून राहिलेल्या परदेशी पर्यटकांविषयी आम्ही काय बोलतो ते आठवावे. पण शिक्षेला प्रमाण असावे आणि घरी परतणाऱ्याला वाट असावी. आखातातली राज्ये काही फार मऊ काळजाची म्हणून प्रसिद्ध नाहीत. तरी संयुक्त अरब अमिरातीने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात मुदत ओलांडलेल्यांना दंड माफ केला, आणि कागद करून निघणाऱ्याला परत येण्याची बंदीही लावली नाही. २०१८ मध्येही अशी संधी दिली होती. अमेरिकेला हे सुचू नये? निदान ज्यांचे लग्न खरे ठरले आहे त्यांच्यापुरती दहा वर्षांची बंदी दंडाच्या रकमेत बदलावी, आणि मुलांचा त्रास त्रास म्हणून मोजावा, एवढे तरी मागणे अवाजवी नाही. शिक्षा होते ती एकट्या बायकोला नव्हे, तिकडे बसलेल्या त्यांच्याच नागरिकाला होते.

पण अमेरिकेचा कायदा आम्ही गोव्यात बसून बदलू शकत नाही. आमची सवय बदलू शकतो.

आमची सवय म्हणजे गप्प बसण्याची. परतलेल्या मुलीला घरचे बजावतात, "कोणाला सांगू नको हं." मग सासरी कळत नाही, नवऱ्याला कळत नाही, अर्ज भरणाऱ्या वकिलालाही कळत नाही. डीएस-२६० या व्हिसाच्या अर्जात मुदत ओलांडून राहिलात का असा सरळ प्रश्न असतो. तिथे 'नाही' लिहिले जाते. मामा सांगतो 'नाही' लिही, एजंट सांगतो 'नाही' लिही. इथे हिशेबाचा गुन्हा चारित्र्याचा होतो. व्हिसासाठी महत्त्वाच्या गोष्टीत जाणूनबुजून खोटे बोलल्याचा ठपका बसला तर ती बंदी तीन वर्षांची नाही, दहाची नाही, जन्मभराची. तिलाही माफीचा अर्ज आहे, पण आता तो अशा माणसाचा अर्ज, ज्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. दहा वर्षे वाचवायला जाऊन जन्माची घालवायची हा कुठला व्यवहार?

इथे आमच्या गोव्याच्या कायद्याचाही एक बारकावा आहे. आमच्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या सह्या पूर्ण झाल्या की कायद्याने लग्न झाले. मांडवातले लग्न सवडीने सहा महिन्यांनी लागते. मधल्या काळात कोणी प्रवासी व्हिसाचा अर्ज भरते आणि 'अविवाहित' लिहिते, कारण आजीच्या मते अक्षता पडल्या नाहीत तोवर लग्न कसले? पुढे विवाहनोंदणीचा दाखला जोडला जातो आणि दोन तारखा एकमेकींशी भांडू लागतात. नोंदणीची तारीख हीच कागदावरची लग्नाची तारीख, हे दोन्ही घरांनी डोक्यात पक्के ठेवावे.

आणि कागदी लग्नाचा विचार तर मनातही आणू नये. ग्रीन कार्डसाठी केलेले खोटे लग्न सिद्ध झाले की पुढे खरे लग्न केले तरी त्या माणसासाठी कोणाचाही कौटुंबिक अर्ज मंजूर होत नाही. मुदत ओलांडल्याला माफी आहे, या फसवणुकीला ती माफी नाही.

मग करावे काय? फार मोठे काही नाही. पत्रिका मांडतो त्याच बैठकीत दोन्ही घरांनी जुने पासपोर्टही मांडावेत. कधी गेलात, आय-९४ वर कोणती तारीख होती, कधी परतलात, या तीन तारखा कागदावर लिहाव्यात. बोटीवर होता का, पोर्तुगीज पासपोर्टवर गेला होता का, हे विचारावे. दिवस १८० च्या आत असतील तर निर्धास्त राहावे आणि अर्जात खरे लिहावे. जास्त असतील तर आय-१३० भरण्याआधी या विषयातल्या वकिलाला दाखवावे. एजंटला नव्हे, मामालाही नव्हे. आणि जो तिकडे मुदत ओलांडून बसला आहे, त्याने कोणाच्या लग्नासाठी किंवा बाराव्यासाठी तिकीट काढण्याआधी विचारावे, कारण विमानाने जमीन सोडली की बंदी सुरू होते. आईचे अंत्यदर्शन चुकवून तिकडे बसलेली मुले या एका कलमापायी बसली आहेत, निर्दयपणामुळे नव्हे, हेही गावाने समजून घ्यावे.

शेवटी, सोयरीक करणाऱ्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. एखाद्या मुलीने सरळ सांगितले की मी तिकडे १४ महिने जास्त राहिले होते, तर नाक मुरडू नका. बहिणीच्या बाळंतपणाला थांबणे म्हणजे कुळाला डाग नव्हे. उलट जिने हे आधी सांगितले तिने दोन्ही घरांची काही वर्षे वाचवली. मंगळ असला तर आम्ही शांत करतो, तोडगा काढतो, मुहूर्त पुढे ढकलतो. हे तर नुसते दिवस आहेत. दिवस मोजता येतात, सोसता येतात, माफही करून घेता येतात. मात्र ते आधी ठाऊक असायला हवेत. बघा, पटते का!